बोलोन्यातलं सेमिस्टर, आठ मिलिमीटरच्या शेवया आणि फ्लॉरेन्समधली छत्री

रंकाळाकर (धागाकर्ती)

मंडळी, आले परत. जायच्या आधी इथेच "इटलीला चाललेय, काय काय नेऊ?" असा धागा काढला होता. तुमच्या सल्ल्यांमुळे माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा डबे जास्त झाले. हिशेब देते : कांदालसूण मसाला एप्रिलमध्येच संपला, मेतकूट पुरलं, आणि थालीपिठाची भाजणी जशीच्या तशी परत आली. (थालीपीठ लावायला सुरुवात केली की धुराचा भोंगा वाजायचा. दोनदा वाजल्यावर नाद सोडला.)

नव्या लोकांसाठी : मी कोल्हापूरची, पुण्यात अर्थशास्त्र शिकते. फेब्रुवारी ते जून असं एक सेमिस्टर बोलोन्याच्या विद्यापीठात काढलं. स्थापना १०८८ची मानतात, म्हणजे आपल्याकडे यादवांचं राज्यसुद्धा नीट उभं राहिलेलं नव्हतं. अर्थशास्त्राचे दोन विषय घेतले, एक कलेचा इतिहास आणि एक अन्नाचा इतिहास. हो, अन्नाचा इतिहास. बाबा फोनवर म्हणाले, "यासाठी पैसे भरलेत आपण?"

परत आल्यापासून प्रत्येकजण विचारतोय, "काय मग, इटालियन जेवण कसं होतं?" आणि मला उत्तरच देता येत नाही, कारण "इटालियन जेवण" मला पाच महिन्यांत भेटलंच नाही. आमच्या घरात तिघी. एक बारीची, म्हणजे पार दक्षिणेतली, दुसरी फेर्राराची, बोलोन्यापासून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावरची. पहिल्याच रात्री मी उत्साहात विचारलं की इथली स्पॅगेटी बोलोनेज कुठे चांगली मिळते. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बोलोन्यात ती नसतेच! इथल्या मटणाच्या, म्हणजे मांसाच्या त्या रश्शाला रागू म्हणतात आणि तो ताल्यातेल्लेवर घालतात. ताल्यातेल्ले म्हणजे अंड्यात भिजवलेल्या मैद्याच्या चपट्या, लांब पट्ट्या. त्या पट्टीची रुंदी किती असावी हेसुद्धा ठरलेलं. १९७२ मध्ये त्यांनी इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंद करून ठेवलीय : शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजेच गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. रागूची कृतीही १९८२ मध्ये तिथेच जमा केली. मला हे ऐकून हसू आलं, पण मग आठवलं की पांढऱ्या रश्शात हळद घालणाऱ्या पुणेकर मैत्रिणीशी मी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि बारीची? तिच्या मते पास्त्यात अंडं घालणं हा उत्तरेचा आगाऊपणा. तिच्याकडे रव्याचं पीठ आणि पाणी, बस्स. त्यामागे कारणही आहे, वर्गात शिकवलं : दक्षिणेत कडक डुरम गहू पिकतो, त्याचं पीठ नुसत्या पाण्यानेही बांधलं जातं. पो नदीच्या खोऱ्यातला गहू मऊ, त्याला धरून ठेवायला अंडं लागतं. ती रविवारी ओट्यावर बसून सुरीच्या टोकाने ओरेक्केत्ते करायची, म्हणजे छोटे छोटे कान. त्यात चीमे दि रापा नावाची कडवट पालेभाजी. पहिला घास घेतला आणि मला मेथीची आठवण येऊन रडू आलं. तिला वाटलं तिखट जास्त झालं.

बाकी हळूहळू लिहिते. विचारा काय विचारायचं ते.

मिसळसम्राट

पहिली! वाचतोय. फोटो कुठायत?

गणिताचा_मास्तर

मनोरा किती उंच आहे? आकडे तपासल्याशिवाय मला झोप येत नाही.

रंकाळाकर

९७.२ मीटर, काका. शेजारी त्याचा धाकटा भाऊ आहे, गारिसेंदा, ४८ मीटर आणि चांगलाच कललेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची तब्येत बिघडल्याचं लक्षात आलं, तेव्हापासून भोवती कुंपण आहे आणि दोन्ही मनोरे बंद. पदवी मिळायच्या आधी आझिनेल्लीवर चढलं तर पदवी मिळत नाही अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. माझ्यावर ती वेळच आली नाही, त्यामुळे नापास झाले तर मनोऱ्यावर ढकलता येणार नाही.

गणिताचा_मास्तर

९७.२ भागिले १२,२७० = ७.९२ मिमी. बरोबर आहे. झोपतो आता.

शुद्धशाकाहारी_सातारा

माझी मुलगी पुढच्या वर्षी मिलानला जायचं म्हणतेय. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिथे चीज आणि पास्ता असतो म्हणजे चिंता नसावी ना?

रंकाळाकर

काकू, चीजचंच आधी सांगते, कारण मलाही तिथे जाऊन कळलं. पार्मिजानो रेज्जानो, ज्याला आपण पार्मेझान म्हणतो, ते दूध वासराच्या जठरातल्या विकराने नासवतात. नियमच तसा आहे, दुसरं काही वापरलं तर त्याला पार्मिजानो म्हणताच येत नाही. ग्राना पादानोचंही तेच. आणि हे चीज किसून सगळ्यावर भुरभुरतात, विचारतसुद्धा नाहीत. तिला "सेन्झा फोर्माज्जो" (चीजशिवाय) हे दोन शब्द आधी शिकवा. दुकानात वनस्पतिज विकराची चीजं मिळतात, वेष्टनावर "काल्यो वेजेताले" शोधायचं.

अंडं चालत नसेल तर दुकानातला कोरडा पास्ता बहुतेक नुसत्या रव्याचा असतो, तो बरा. ताजा पास्ता विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि प्यादिना! दिसायला थेट आपली पोळी, मी पहिल्या दिवशी चार खाल्ल्या. मग विकणाऱ्या बाईंनी सांगितलं की पिठात पारंपरिक पद्धतीप्रमाणे डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलातलीही मिळते, पण मागावी लागते.

आता घाबरू नका. जेनोव्हा-पिसाकडे फारिनाता किंवा चेचिना मिळते : बेसन, पाणी, तेल, मीठ, भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत घालून भट्टीत भाजलेलं. आपलं धिरडंच, फक्त जाड. वर मिरपूड. कांदा-कोथिंबीर नाही याचंच काय ते दुःख.

आणि एक गंमत. "पेपरोनी पिझ्झा" मागितला तर भोपळी मिरचीचा येतो, कारण पेपेरोनी म्हणजे तिथे भोपळी मिरची. शाकाहारी माणसाच्या बाजूने झालेली इटलीतली ही एकमेव चूक असावी.

शुद्धशाकाहारी_सातारा

बाई गं. चीजचं ऐकून धक्काच बसला. आम्ही इतकी वर्षं घरी आणतोय. वेष्टन बघून येते.

खवय्या_खानापूर

तू स्वतः काय खाल्लंस? रागूत बीफ असतं ना? (खोचक प्रश्न नाही, खरंच विचारतोय. माझा भाचा तिकडे जाऊन चार महिन्यांत सगळं खायला लागला.)

रंकाळाकर

भाच्याचं भाचा बघेल, दादा. रागूत गाय असते आणि पान्चेत्ता म्हणजे डुक्करही. मी दोन्ही खात नाही, म्हणून रागू खाल्लाच नाही. तोर्तेल्लिनीच्या (सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या) पोटातही डुक्करच : कमरेचं मांस, प्रोश्युत्तो, मोर्तादेल्ला. बोलोन्याचं टोपणनावच "विद्वान, लठ्ठ आणि लाल". विद्यापीठामुळे विद्वान, खाण्यामुळे लठ्ठ, विटांमुळे (आणि राजकारणामुळे) लाल. त्यातल्या लठ्ठ भागात मी उपाशीच.

म्हणजे अगदी उपाशी नाही. तोर्तेल्लोनी, शेवटी "ओनी", ते मोठे असतात, आत रिकोत्ता (पनीरसारखं मऊ चीज) आणि हिरवा पाला, वर लोणी आणि सेजची पानं. आणि फेर्रारावालीची आई लाल भोपळ्याचे काप्पेल्लाच्ची पाठवायची. खाऊन बघितलं तर काय, घारग्याचं सारण! गोडसर, जायफळ घातलेलं, फक्त वरून चीज. मी तिला घारगे समजावून सांगितले तर तिला पटेचना की भोपळा तळून खातात. बारीवालीला तर पास्त्यात गोड भोपळा घालणंच पटत नव्हतं. भोपळ्यावरून दोघींचा जो वाद झाला तो इथल्या गणपती-विसर्जनाच्या धाग्याच्या तोडीचा.

यासाठी त्यांच्याकडे शब्द आहे, काम्पानिलिझ्मो. काम्पानिले म्हणजे चर्चचा घंटेचा मनोरा. म्हणजे आपल्याच मनोऱ्याची घंटा तेवढी खरी वाटणं. मी म्हटलं, आमच्याकडे याला "इचलकरंजी वेगळी, कोल्हापूर वेगळं" म्हणतात.

इचल_की_करंजी

वेगळीच आहे.

पो_नदीचा_पाहुणा

मी चौदा वर्षं रेज्जो एमिल्याजवळ आहे. एक भर घालतो. या पट्ट्यातल्या गोठ्यांत आणि दूधसंकलनात पंजाबी लोक फार आहेत. नोव्हेल्लारा गावात मोठा गुरुद्वारा आहे, २००० साली सुरू झाला. तुम्ही जे पार्मिजानो खाता त्यातल्या बऱ्याच चक्क्यांमागे (चाकासारख्या गोल ठोकळ्यांमागे) पहाटे उठणारा एखादा सरदारजी असतो. एक चक्का साधारण चाळीस किलोचा, त्याला पाचशे लिटरच्या वर दूध. किमान बारा महिने मुरवायचा. मुरला की तज्ज्ञ येतो, छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, पोकळ वाटला तर बाद.

रंकाळाकर

काका, अगदी! रेल्वेत एक भेटले होते. मी फोनवर आईशी बोलत होते, मराठी ऐकून त्यांनी हिंदीत विचारलं कुठली. म्हणाले, "बेटा, गाय को छुट्टी नहीं होती, तो मुझे भी नहीं." मग घरी चहाला बोलावलं. पाच महिन्यांतला उकळलेला, आल्याचा असा तो एकच चहा. गोकुळच्या गावची आहे म्हटल्यावर म्हशीच्या दुधाचा फॅट किती लागतो ते विचारत बसले.

चित्रकार_गोवा

खाण्यावरून हलणार की नाही? कलेचं लिही. फ्लॉरेन्सचं उफ्फीत्सी संग्रहालय, मायकेलअँजेलोचा दाविदचा पुतळा वगैरे.

रंकाळाकर

दाविद बघितला. पाच मीटरच्या वर उंच, आणि समोर तेवढेच उंच उचललेले मोबाईल. खरं सांगते, गर्दीत मला काहीच वाटलं नाही. उपाय म्हणजे नावाजलेल्या गोष्टी जेवायच्या वेळेत बघायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण तेव्हा जत्रा असते. युरोपीय संघातल्या पंचविशीपर्यंतच्या पोरांना एरवी दोन युरोत सोडतात, आपल्याला नाही. माझ्या दोघी दोन युरो देऊन आत, मी पूर्ण तिकीट काढून मागून.

पण दोन गोष्टींसाठी मी बोलोन्याला परत जाईन, आणि दोन्हींना गर्दी नाही.

एक, सांता मारिया देल्ला व्हिता नावाचं छोटं चर्च, बाजाराच्या गल्लीत. मासळीचा वास नाकात घेऊनच आत जायचं. आत निक्कोलो देल्लार्काने पंधराव्या शतकात घडवलेला देखावा आहे. मेलेला ख्रिस्त आडवा, भोवती माणसं. दगड नाही, भाजलेली माती. त्यातल्या दोन बाया किंचाळत येतायत. तोंड उघडं, पदर वाऱ्यावर मागे उडालेला, धावताना थांबवल्यासारख्या. मी कुंभार गल्लीत गणपती घडताना बघत मोठी झाले. माती हसते, आशीर्वाद देते, हे माहीत होतं. मातीला असा टाहो फोडता येतो हे माहीत नव्हतं. तिथल्या बाकावर तास गेला, मागे कोणीतरी बाजाराच्या पिशव्या ठेवून शांत बसलं होतं.

दुसरं, जॉर्जो मोरांदी. १९६४ मध्ये गेला, जवळजवळ सगळा जन्म बोलोन्यातच, आणि रंगवलं काय तर बाटल्या, बरण्या, डबे. त्याच बरण्या पुन्हा पुन्हा, थोड्या सरकवून. पहिल्या दालनात मी चिडले. तिसऱ्यात गप्प झाले. आजीच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्यांकडे मी कधी इतका वेळ बघितलं नव्हतं.

चित्रकार_गोवा

मोरांदीसाठी तुला शंभर गुण. राव्हेन्ना गावची मोझेकं बघितलीस का?

रंकाळाकर

बघितली. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या समाधीत मान वर करून बघा, निळं आकाश आणि सोन्याच्या चांदण्या, पाचव्या शतकातल्या काचेच्या तुकड्यांच्या. एवढंच लिहिते, त्यावर लिहिण्यासारखं मला जमत नाही.

पावसाळी_ढग

पाऊस, थंडी, राहणं, खर्च? माझ्या भावाला घर मिळत नाहीये.

रंकाळाकर

घर हाच खरा कठीण पेपर. फोटो पाठवून आगाऊ रक्कम मागणारे भामटे खूप, एकाला मी जवळजवळ पैसे पाठवलेच होते. घर किंवा निदान घरमालक व्हिडिओवर बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस म्हणावं. पोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांत वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो, त्याची पावती जिवापलीकडे जपायची. कॉफी उभ्याने प्यायची, बसलं की दर बदलतो. नुसतं "लात्ते" मागितलं तर ग्लासभर दूध येतं.

पावसाची मात्र चिंता नको. बोलोन्यात घरांच्या खालून कमानींच्या ओसऱ्या जातात. कोल्हापुरी वाड्याचा सोपा रस्ताभर लांबवला तर कसा दिसेल तसं. सगळ्या मिळून बासष्ट किलोमीटर, २०२१ पासून जागतिक वारसा. गाव फुगलं तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, आणि १२८८ मध्ये गावाने कायदाच केला की घराला ओसरी हवीच, आणि घोड्यावरचा माणूस जाईल एवढी उंच. जागा मालकाची, वाट सगळ्यांची. पाच महिन्यांत माझी छत्री दोनदाच उघडली.

त्यातली सर्वांत लांब ओसरी डोंगरावरच्या सान लुका चर्चपर्यंत चढते, ६६६ कमानी. मे महिन्यात वरची मदोन्ना (मेरी मातेचं चित्र) खाली गावात मुक्कामाला आणतात. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, तिला खाली आणलं आणि उघडीप झाली, अशी श्रद्धा. मी त्या दिवशी गर्दीत उभी होते. पुढे बँड, बायका रोझरी म्हणतायत, एक आजोबा काठी टेकत. मला कुणी सांगायची गरज नव्हती की पालखी जवळ आली की काय करायचं असतं. हात आपोआप जुळले. शेजारच्या बाईंनी हसून मला पुढे ढकललं, नीट दिसावं म्हणून.

कळंबा_कट्टा

परीक्षा? की नुसतीच मजा?

रंकाळाकर

परीक्षा बऱ्याचशा तोंडी! तीसपैकी गुण, अठराला पास. प्राध्यापक समोर, मागे बाकीची पोरं ऐकत बसलेली. आणि गुण पटले नाहीत तर "नको, परत येते" म्हणून नाकारता येतात. मला कलेच्या इतिहासात चोवीस देत होते, मी घेतले आणि पळाले. माझ्या मागच्या मुलाने सत्तावीस नाकारले.

पंचगंगेकाठी

कोल्हापूरची आहेस आणि फ्लॉरेन्सला गेलीस, मग छत्रपतींच्या समाधीवर गेलीस की नाही ते सांग. बाकी सगळं नंतर.

रंकाळाकर

गेले. त्याबद्दल लिहायचं ठरवूनच धागा काढला होता, सुरुवात होत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूरचे राजाराम महाराज, राजर्षी शाहूंच्या आधीचे, १८७० मध्ये इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या देशात तेव्हा प्रेत जाळायची रीत नव्हती. खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन केलं. संगमच का, हे आपल्याला सांगावं लागत नाही, त्यांना तेव्हा सांगावं लागलं असेल.

कास्चीने नावाच्या बागेच्या पार टोकाला आहे ती जागा. ट्रामने उतरून तीनेक किलोमीटर चालले. पळणारी माणसं, कुत्री, बाबागाड्या. मग झाडांमध्ये एकदम छत्री दिसते. नरसोबाच्या वाडीला किंवा पंचगंगेच्या घाटावर असावी तशी छत्री, आणि खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फेटा, दागिने. १८७४ मध्ये फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केला. पलीकडे तारांवर टांगलेला मोठा पूल आहे, त्याचं नाव पोन्ते अल्लिंदियानो. इंडियनचा पूल. रोज हजारो गाड्या जातात त्यावरून. मी ट्राममध्ये एका मुलाला विचारलं हा "इंडियन" कोण, तर म्हणाला, "कोणीतरी राजपुत्र होता." नाव माहीत नव्हतं.

ते गेले तेव्हा वीस वर्षांचे होते. मीही वीसच. डब्यात चिमूटभर कांदालसूण मसाला मी मुद्दाम राखून ठेवला होता, वाटलं होतं तिथे ठेवीन. तिथे गेल्यावर वेडेपणा वाटला. नदीत फुलं सोडली आणि आईला व्हिडिओ कॉल केला. आईने तिकडून नमस्कार केला, मग म्हणाली, "ऊन आहे, डोक्यावर काहीतरी घे."

पंचगंगेकाठी

वाचून थांबलो थोडा वेळ. महाराजांनी त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती, कॅप्टन वेस्टने संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. मिळाली तर वाच.

माणगावकर

ताई, तुम्ही राव्हेन्नाला रेल्वेने गेलात ना? मग लुगोच्या आसपास सेनियो नदी ओलांडली असेल. छोटी नदी, लक्षातही येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ ला, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी तिथे जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून पाठीवर घालून मागे आणलं आणि परत जाऊन शत्रूच्या मशिनगन बंद केल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, वरच्या तायबर खोऱ्यात. ते परत आले नाहीत. २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक झालं, सूर्यघडीचं. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, दहन झालेल्यांच्या नावांचा स्तंभही.

रंकाळाकर

काका, फोर्ली आमच्या गाडीच्या वाटेवरचं स्टेशन होतं. रिमिनीला समुद्र बघायला जाताना दोनदा गेले त्यावरून, कानात हेडफोन घालून. मला कुणी सांगितलं नव्हतं.

माणगावकर

आता सांगितलं ना. साताऱ्याच्या काकूंच्या मुलीला सांगा, ती जाईल.

शुद्धशाकाहारी_सातारा

जाईल. नावं लिहून घेतलीत. (वेष्टन बघितलं. आहे वासराचंच. डबा शेजारणीला दिला.)

मिसळसम्राट

एवढं सगळं झालं आणि शेवटी रागू खाल्लाच नाहीस. जिवाला लागलंय माझ्या.

रंकाळाकर

खाल्ला, काल. घरी. फेर्रारावालीच्या आईने सांगितल्याप्रमाणे शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, मळून अर्धा तास झाकून ठेवलं. रागू बोकडाच्या खिम्याचा : कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून मंद आचेवर, टोमॅटो अगदी थोडा, शेवटी दूध, तीन तास. वाइनच्या जागी काही नाही, घरात आजी आहे. बाबांनी गुपचूप वर तांबडा रस्सा ओतला, मी बघितलं नाही असं दाखवलं.

लाटायला मात्र आजीच बसली, माझ्या हातातून लाटणं काढून घेऊन. तिथल्या बाया हातभर लांब लाटण्याने लाटतात, तिने नेहमीच्या पोळपाटावर चार तुकड्यांत लाटलं. पट्ट्या कापून झाल्यावर मी पट्टीने मोजल्या. अकरा मिलिमीटर. तिला मनोऱ्याचं सगळं सांगितलं.

आजी म्हणाली, "जाड झाल्यात खऱ्या. उरलेल्या दुधात गूळ घालून शिजव, सकाळी खाऊ."